तालीम सगळ्यांची नको, प्रवेशाची लावा

दिवसभर सभागृहाच्या ऑफिसात, आर्ट गॅलरीत किंवा डान्स क्लासमध्ये नोकरी आणि संध्याकाळी आपला नाटकाचा ग्रुप, असं करणाऱ्यांची खरी ओढाताण दिवाळीनंतर होते. राज्य नाट्य स्पर्धा, पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टी नाटकांचा हंगाम आणि डिसेंबरात नागपूरचं हिवाळी अधिवेशन, सगळं एकाच वेळी येतं. कलेच्या नोकरीतही तेव्हाच सगळ्यात जास्त काम असतं. म्हणून संहितेचं वाचन आणि पाठांतर पावसाळ्यातच उरकून घ्या.

दुसरं, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं: 'सगळ्यांनी सातला या' हा निरोप बंद करा. एका वहीत प्रवेशवार तक्ता आखा. डावीकडे प्रवेश, पुढे पात्रं, शेवटी लागणारी मिनिटं. उदाहरणार्थ, 'प्रवेश ३: आई, मोठा मुलगा, ४० मि.'. बुधवारी हाच प्रवेश असेल, तर त्या दोघांनाच बोलवा. सीताबर्डीच्या गर्दीतून धावत आलेला माणूस दोन तास कोपऱ्यात बसून राहिला, की पुढच्या वेळी त्याला यावंसं वाटत नाही. अख्खा संच रविवारी सकाळी. मे महिन्यात तर सकाळीच, दुपारच्या उन्हात बंद हॉलमध्ये कोणाचाच आवाज लागत नाही.

नोकरीतल्या रात्रीच्या ड्युट्या महिन्याच्या सुरुवातीलाच ग्रुपवर टाका. आणि ऑफिसचे लाइट, माइक लेखी परवानगीशिवाय तालमीला आणू नका. ओळखीतलं असलं तरी नाही.