ऑपरेशनच्या फॉर्मवर सही करण्याआधी, काढलेल्या तुकड्याचं पुढं काय ते विचारा

आत्याच्या छातीतली गाठ काढली तेव्हा सिस्टरनं ओटीबाहेर माझ्या हातात फॉर्मॅलिनची (तुकडा टिकवायच्या औषधाची) डबी दिली, म्हणाली लॅबला देऊन या. डिकीत टॉवेलात गुंडाळून शाहूपुरीतनं जाताना डोक्यात आलं की हा आत्याच्या अंगाचा तुकडा, आणि तपासून उरलेल्याचं काय होतं ते कुणी बोललंच नाही. घरी फाईल काढली तर इंग्रजी फॉर्ममध्ये एक बारीक ओळ, उरलेलं टिश्यू संशोधनाला वापरायला हरकत नाही. सही आत्याची, आणि कुठं करायची ते बोट मीच दाखवलेलं.

तर बघा, ऑपरेशनची संमती वेगळी आणि रिसर्चची वेगळी. एकाच कागदात घुसडली असेल आणि नको असेल तर ती ओळ खोडा, शेजारी सही आणि तारीख टाका, फोटो काढून ठेवा. रिसर्चला नाही म्हटलं म्हणून उपचार अडवता येत नाहीत. मराठीत माहितीपत्रक मागा, लाजू नका, पेशंटला समजेल अशा भाषेत सांगणं हे त्यांचंच काम आहे. मग विचारा: ह्याच अभ्यासाला वापरणार की पुढं कशालाही? नाव राहणार की कोड? जनुकीय तपासणी होणार का, परदेशी जाणार का?

आयसीएमआर, म्हणजे वैद्यकीय संशोधनाची सरकारी संस्था, तिच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे नमुना देणाऱ्याचाच, बायोबँक (असे नमुने साठवून ठेवणारी जागा) नुसती राखणदार. म्हणजे हो म्हणून नंतर मागंही घेता येतं. माहितीपत्रकावर मुख्य संशोधक आणि एथिक्स कमिटीचा (संशोधन नीतीला धरून आहे का ते बघणाऱ्या समितीचा) नंबर असतो, दोघांना साधं पत्र द्या आणि पोच घ्या, पोच नसली की पत्र दिलंच नव्हतं असं होतं. पण नाव-कोड कायमचं पुसलं असेल तर नमुना शोधून परत काढता येत नाही, आणि तसल्या उरलेल्या नमुन्यांना कमिटी वेगळ्या संमतीशिवायही परवानगी देऊ शकते, हे आधीच माहीत असलेलं बरं.

रिसर्च वाईट असं मी म्हणत नाही. १९५१ मध्ये बाल्टिमोरला हेन्रिएटा लॅक्स नावाच्या बाईच्या गाठीतल्या पेशी न विचारता घेतल्या, त्या हेला पेशींवर पोलिओच्या लसीचं काम झालं, किती जीव वाचले! पण घरच्यांना कित्येक वर्षं पत्ता नव्हता, आणि त्या पेशी विकणाऱ्या कंपनीशी तडजोड झाली ती २०२३ ला. आत्याला विचारलं असतं तर ती हो म्हणाली असती, पण विचारायला पाहिजे होतं की.

आणखी एक, सेकंड ओपिनियनला मुंबईला टाटाला जाणार असाल तर लॅबकडनं स्लाईडसोबत पॅराफिन ब्लॉकपण मागून घ्या. काढलेला तुकडा आत बसवलेली मेणाची छोटी वडी असते, प्लास्टिकच्या जाळीदार चौकटीत, कडेला नंबर. अर्ज लिहा, सही करून घ्या, नंबर रिपोर्टशी जुळवा. आणि उन्हाळ्यात गाडीच्या डिकीत ठेवू नका, मेण आहे ते.