परदेशी नागरिकत्व घेतल्यावर ओसीआय कार्ड कसं काढावं

प्रत्येक महाराष्ट्र मंडळात एक काका असतात, ते सांगतात, "दोन्ही पासपोर्ट ठेव रे, कोण बघतंय!" त्यांचं ऐकू नका. नागरिकत्व कायदा १९५५, कलम ९: स्वेच्छेने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारताचं आपोआप संपतं. पासपोर्टची मुदत सात वर्षं शिल्लक असली तरी संपतं. त्यानंतर त्या पासपोर्टवर प्रवास करणं गुन्हा आहे. मग उरतं ते ओसीआय कार्ड, म्हणजे 'ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया': मूळच्या भारतीयांना मिळणारा जणू आयुष्यभराचा व्हिसाच. पुढचं सगळं मी अमेरिकेपुरतं सांगतोय.

पहिलं काम, भारतीय पासपोर्ट परत करणं. ऑनलाइन अर्ज, फी, पासपोर्ट आणि नव्या नागरिकत्वाचा दाखला, बस. रद्दचा शिक्का मारून पासपोर्ट परत येतो. तो जपून ठेवा, तुम्ही मूळचे भारतीय असल्याचा तो पुरावा आहे.

मग ओसीआयचा अर्ज. फोटो, सही, स्कॅन. एका संध्याकाळचं काम.

आता खरी डोकेदुखी: नाव. आमच्या नात्यागोत्यातले जेवढे अर्ज परत आले, ते बहुतेक याच एका कारणाने. माहेरची सुनीता प्रभाकर कुलकर्णी लग्नानंतर सुनीता विनायक जोशी होते. भारतीय पासपोर्टात 'सुनीता विनायक' हे सगळं पहिल्या नावाच्या रकान्यात बसतं, आणि अमेरिकन दाखल्यावर नुसती सुनीता जोशी उरते. आपल्याला यात काही वावगं दिसत नाही. अर्ज तपासणाऱ्याच्या लेखी मात्र या तीन वेगळ्या बायका आहेत.

म्हणून अर्ज उघडण्याआधी कोरा कागद घ्या. प्रत्येक दस्तऐवजावरचं नाव अक्षर न अक्षर, तारखेच्या क्रमाने उतरवा. पासपोर्टचं शेवटचं पान विसरू नका, आईवडिलांची आणि जोडीदाराची नावं तिथेच असतात. जिथे नाव बदललं, तिथे ते का बदललं हे सांगणारा सरकारी कागद हवा: विवाह नोंदणीचा दाखला किंवा कोर्टाचा आदेश. 'दोन्ही नावं एकाच व्यक्तीची' असं नोटरीकडचं ॲफिडेव्हिट जोडीला ठेवा, पण नुसत्या त्याच्यावर विसंबू नका. लग्नपत्रिका आणि मंगल कार्यालयाची पावती तर कुणी विचारतही नाही. लग्नाची नोंदच केली नसेल तर पुढच्या भारतवारीत आधी ते उरका. उशिरा केली तरी होते.

अर्जात 'पूर्वी नाव बदललं आहे का' या प्रश्नाला अनेकजण घाबरून 'नाही' लिहितात. खोटं कशाला? बदललं असेल तर 'हो' लिहा आणि जुनं नाव द्या.

मुलांच्या अर्जात हाच घोळ उलटा होतो. अमेरिकेतल्या जन्मदाखल्यावर आईचं लग्नाआधीचं नाव असतं, तिच्या पासपोर्टवर सासरचं. इथेही विवाहाचा दाखला लागतोच. आणि अल्पवयीन मुलाच्या अर्जावर आईवडील दोघांच्या सह्या लागतात.

अजून अमेरिकन नागरिकत्वाची शपथ झाली नसेल तर तुमचं नशीब चांगलं. वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव ठेवायचं की गाळायचं, हे आत्ताच ठरवा. नागरिकत्वाच्या अर्जातच नाव बदलण्याची सोय आहे. एकदा ठरलं की पासपोर्ट, लायसन्स, बँक, सगळीकडे तेच नाव. "मधलं नाव कोण बघतं" म्हणणारा माणूस वर सांगितलेल्या काकांचाच भाऊ समजा.

कार्ड हातात आल्यावर व्हिसाची कटकट आयुष्यभरासाठी मिटते, पण तुम्ही नागरिक होत नाही. मतदान नाही, निवडणूक लढवणं नाही. शेतजमीन विकत घेता येत नाही. वारशाने सातबाऱ्यावर नाव लागू शकतं, त्यामुळे गावाकडच्या भावाने घाबरवलं तर वकिलाला विचारल्याशिवाय हक्कसोड लिहून देऊ नका. मतदारयादीत नाव असेल तर नमुना ७ भरून काढून घ्या. बँकेलाही नागरिकत्व बदलल्याचं कळवा. आणि विशीच्या आत काढलेलं मुलांचं कार्ड, वय वीस झाल्यावर नवा पासपोर्ट आला की एकदा नव्याने काढावं लागतं.