जुन्या बुलेटचा आवाज: इंजिन खोलण्याआधी काय तपासाल?

कास्ट आयर्न इंजिनाची रॉयल एनफिल्ड ३५० बुलेट मुळातच गप्प बसणारी गाडी नाही. टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांची, हलकी टिकटिक चालायचीच. आवाज बदलला की मात्र बघायला हवं. कनेक्टिंग रॉड (पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा) गेला असं ठरवून इंजिन उतरवणं सगळ्यात सोपं आणि सगळ्यात महाग. ते शेवटी.

आधी बाजू ओळखा. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवा, मूठ कानाच्या मागच्या हाडावर. उजवीकडे टायमिंगचे गिअर आणि टॅपेट, डावीकडे प्रायमरी चेन (इंजिनाची ताकद क्लचकडे नेणारी), क्लच, अल्टरनेटर (वीज बनवणारा). क्लच दाबल्यावर आवाज बदलला तर तो क्लचचा किंवा गिअरबॉक्सचा.

टॅपेट इंजिन पूर्ण थंड असतानाच लावायचे. प्लग काढा, गाडी टॉप गिअरमध्ये टाका आणि मागचं चाक फिरवून पिस्टन कॉम्प्रेशनवर (दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना) वर आणा. सिलिंडरच्या उजव्या बाजूचं झाकण काढलं की दोन्ही पुशरॉड (टॅपेटचा धक्का वर व्हॉल्व्हकडे नेणारे दांडे) दिसतात. रॉड दोन बोटांनी सहज फिरायला हवा, पण वर-खाली जरासुद्धा हलता कामा नये. तीन पाने लागतात: एकाने खालचा टॅपेट धरायचा, दुसऱ्याने अ‍ॅडजस्टर, तिसऱ्याने लॉकनट. नट आवळताना माप हमखास सरकतं, म्हणून आवळल्यावर रॉड पुन्हा फिरवून बघा. आवाज घालवायच्या नादात घट्ट केलेत तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह नीट बसत नाही, किकचं कॉम्प्रेशन जातं आणि व्हॉल्व्ह जळतो. डिकॉम्प्रेसरची (किक हलकी व्हावी म्हणून एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उचलणाऱ्या यंत्रणेची) केबल ताणलेली असली तरी हेच होतं. तिला थोडी ढील ठेवा.

टॅपेट बरोबर, तरी टिकटिक? सायलेन्सरचा पाइप हेडला बसतो तिथे काळा डाग शोधा. गॅस गळती हुबेहूब टॅपेटसारखी वाजते.

डावीकडून खडखड येत असेल तर प्रायमरी चेन. ढिलाई साधारण ६ मिमी हवी. चेन सगळीकडे सारखी झिजत नाही, त्यामुळे चाक फिरवत चार-पाच ठिकाणी मोजा आणि सर्वांत घट्ट जागेवर माप लावा. कव्हर एकाच नटवर असतं; खाली तसराळं ठेवा, तेल येणारच. उघडलंच आहे तर रोटरचा (अल्टरनेटरच्या फिरत्या भागाचा) नटही तपासा. सैल रोटर अगदी कनेक्टिंग रॉडसारखा ठोकतो, आणि त्या एका नटपायी कित्येक इंजिनं उगाच खोलली जातात.

चढावर किणकिण होत असेल तर ठिणगीचं टायमिंग पुढे गेलंय, म्हणजे ठिणगी लवकर पडतेय. आधी पॉइंटचा (उघडताच ठिणगी पाडणाऱ्या स्विचचा) गॅप ०.३५ ते ०.४० मिमी करा, कारण गॅप बदलला की टायमिंगही बदलतं. मग पॉइंट उघडायची वेळ पिस्टन वर पोचण्याआधी ०.८ मिमीवर आणा, ऑटो-अ‍ॅडव्हान्स (वेग वाढला की ठिणगी लवकर पाडणारी यंत्रणा) पूर्ण मागे असताना. त्याच्या स्प्रिंगा सैल असतील तर ही मेहनत वाया.

इंजिन थंड असताना खट्खट्, गरम झाल्यावर बंद: पिस्टन सिलिंडरवर आपटतोय. लगेच घाबरू नका. गरम झाल्यावरही खट्खट् राहिली तर बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) मोजून घ्या.

जड, खोलवरची धक-धक, कमी वेगात थ्रॉटल ओढला की वाढणारी: हा कनेक्टिंग रॉड. गाडी तिथेच बंद करा. सिलिंडर काढून, पिस्टन वर असताना रॉड सरळ वर-खाली ओढा. जराही खेळ लागला तर क्रँक उतरवायला लागेल. रॉड आडवा थोडा डुलला तर हरकत नाही, तो डुलतोच.