केमिस्ट्रीत बीएस्सी-एमएस्सी करताय? या चुका टाळा

औषध कंपनीच्या क्यूसी लॅबमध्ये, म्हणजे मालाची गुणवत्ता तपासणाऱ्या लॅबमध्ये, नव्या मुलांना तयार करण्याचं काम मी करतो. दरवर्षी मुलं बदलतात, चुका मात्र त्याच.

सगळ्यात घातक सवय म्हणजे रीडिंग 'बसवणं'. कॉलेजात सीनियरचं जर्नल समोर ठेवून उत्तर आधी ठरतं, ब्युरेट (द्रावण मोजून सोडायची खुणांची नळी) नंतर भरली जाते. एमएस्सीला फर्स्ट क्लास मिळवलेल्या एका मुलाला मी पहिल्याच आठवड्यात ०.१ नॉर्मल (एन, म्हणजे तीव्रतेचं माप) सोडियम हायड्रॉक्साइडचं द्रावण करायला सांगितलं. त्याने ४ ग्रॅम पेलेट्स तोलल्या. तोलेपर्यंत वॉच ग्लासवर त्या ओलसर चकाकायला लागल्या होत्या. द्रावण लिटरभर केलं आणि लेबल लावलं: ०.१००० एन. स्टँडर्डायझेशन, म्हणजे द्रावणाची खरी तीव्रता तपासणं? "सर, वजन अगदी अचूक घेतलंय."

अहो, कॉस्टिक, म्हणजे हेच सोडियम हायड्रॉक्साइड, हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं. तोललेल्या ४ ग्रॅममध्ये कॉस्टिक ४ ग्रॅमपेक्षा कमीच असतं. म्हणून खरी तीव्रता काढायला त्याला पोटॅशियम हायड्रोजन थॅलेट दिलं. ०.५१ ग्रॅमला द्रावण बरोबर ०.१ नॉर्मल असेल तर साधारण २५ मिली लागतं. याचं थोडं जास्तच लागायला हवं होतं. वहीत आलं काय? २५.०, २५.०, २५.०. फिका गुलाबी रंग आला की थांबायचं असतं; दुसरा फ्लास्क चक्क राणी रंगाचा झालेला, म्हणजे द्रावण जास्त पडलेलं, मी शेजारी उभं राहून बघत होतो.

कॉलेजात यावर पूर्ण मार्क मिळतात. कंपनीत ही खोटी नोंद ठरते. यूएसएफडीएच्या (अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेच्या) तपासणीत असं सापडलं तर वॉर्निंग लेटरपर्यंत प्रकरण जातं आणि निर्यात अडकते. माझी पद्धत साधी आहे: रीडिंग दिसलं की त्याच क्षणी, पेनाने, थेट वहीत. हातावर नाही, चिठ्ठीवर नाही. चुकलं तर एकच रेघ, सही, तारीख. खाडाखोड नाही, व्हाइटनर तर नाहीच. एफवायपासून हेच करा. बाईंनी खराब रीडिंगचे दोन मार्क कापले तर कापू देत.

परमँगनेटच्या टायट्रेशनला हायड्रोक्लोरिक आम्ल घेऊ नका, क्लोराइडचंही ऑक्सिडेशन होतं. आणि गडद द्रावणात मेनिस्कसची (नळीतल्या द्रावणाच्या वक्र पातळीची) वरची कड वाचा.

एचपीएलसी म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र. 'पंधरा दिवसांत एचपीएलसी' छापाच्या कोर्सची सर्टिफिकेटं मी बाजूला ठेवतो. त्याच्या सी-१८ कॉलमवर (घटक वेगळे करणाऱ्या नळीवर) मोबाइल फेजमधलं, म्हणजे तीतून वाहणाऱ्या द्रवातलं, ॲसिटोनायट्राइल वाढवलं तर पीक (घटकाचा आलेखावरचा उंचवटा) लवकर येईल की उशिरा, एवढं विचारतो. लवकर येतं, आणि का ते पुस्तकातलं एक प्रकरण शांतपणे वाचलं तरी कळतं. घाई असलेल्या पोरांना बटणं पाठ असतात, कारण ठाऊक नसतं.

करिअरचं 'टीवायचा निकाल लागल्यावर बघू' हेही सोडा. आयआयटीत एमएस्सी करायची तर जॅमची (त्यासाठीची प्रवेश) परीक्षा फेब्रुवारीत होते, अर्ज त्याच्या काही महिने आधी भरावे लागतात. निकालाची वाट बघणाऱ्याचं वर्ष गेलंच.

जाहिरातीतली पात्रता न वाचता क्लास लावणारेही खूप भेटतात. औषध निरीक्षक व्हायचं म्हणून एमएस्सी केमिस्ट्रीची मुलं क्लासची फी भरून बसतात. त्या पदाला मुळात फार्मसीची, नाहीतर ठरावीक विषयातली वैद्यकीय पदवी लागते. अन्न सुरक्षा अधिकारी पदाला मात्र एमएस्सी केमिस्ट्री चालते, आणि तिकडे यातली निम्मी पोरं फिरकतही नाहीत.