नाताळच्या सुट्टीत मनालीला गाडी चालवताय? वाटेत अचानक बर्फ कोसळू लागला तर काय करावं

चंदीगडला उतरायचं, भाड्याची गाडी घ्यायची आणि स्वतः चालवत मनाली गाठायची, हा बेत आता गोव्यातली बरीच कुटुंबं नाताळच्या सुट्टीत आखतात. जुलैच्या पावसात, धुक्यात चोर्ला घाट उतरणाऱ्याला हिमाचलच्या घाटाची भीती वाटत नाही. ती थोडी वाटायला हवी. ओल्या रस्त्यावर टायरची पकड कमी होते, पण गोठलेल्या रस्त्यावर ती जवळजवळ उरतच नाही. गाडी थांबायला कोरड्या रस्त्याच्या दहापट अंतरही लागू शकतं. आणि घसरण्याइतकाच मोठा धोका बर्फात अडकलेल्या गाडीत इंजिन चालू ठेवून, काचा बंद करून बसण्यात आहे.

१. निघण्याआधी

हवामान खात्याचे यलो आणि ऑरेंज अलर्ट आपल्याला पावसाळ्यामुळे पाठ आहेत. हिवाळ्यात तेच हिमाचलसाठी पाहा. ‘पश्चिमी झंझावात’, म्हणजे हिवाळ्यात हिमालयात बर्फ-पाऊस आणणारी हवामानाची प्रणाली, येतोय असा अंदाज असेल तर त्या दिवशी मनालीच्या वर जाऊ नका. मनालीच्या वर, डोंगराखालून जाणारा अटल बोगदा २०२० साली खुला झाला आणि भर हिवाळ्यातही पर्यटक पलीकडच्या लाहौल खोऱ्यातल्या सिस्सू गावापर्यंत जाऊ लागले. ९.०२ किलोमीटरच्या या बोगद्याच्या अलीकडे ऊन आणि पलीकडे बर्फ असं होऊ शकतं.

स्वतःची गाडी गोव्याहून नेत असाल तर मेकॅनिककडून कूलंट तपासून घ्या. आपल्याकडे रेडिएटरमध्ये नुसतं पाणी ओतून चालतं. तिकडे ते गोठून फुगतं आणि इंजिनला तडा जाऊ शकतो. काच धुण्याचं पाणीही गोठतं. डिझेलची गाडी असेल तर वर चढण्याआधी टाकी तिथल्याच पंपावर भरा, कारण उष्ण भागातलं डिझेल कडाक्याच्या थंडीत मेणासारखं घट्ट होतं.

टायरच्या साखळ्या सोबत हव्यातच. त्या इंजिनचा जोर ज्या चाकांवर येतो त्यांना लावायच्या. बहुतेक छोट्या गाड्यांत ती पुढची चाकं असतात. हॉटेलच्या आवारात, उजेडी, एकदा लावून आणि काढून पाहा. अंधारात बधिर बोटांनी पहिल्यांदाच लावायला जाल तर जमणार नाही. गाडीत घोंगड्या, कोरडे लोकरीचे मोजे, पाणी, खजूर-चिक्की, टॉर्च आणि एक लहान फावडं ठेवा.

खरं सांगायचं तर मनालीच्या वर स्थानिक चालकाची फोर बाय फोर (चारही चाकांना इंजिनचा जोर मिळणारी गाडी) करावी, हेच मी प्रत्येकाला सांगतो. पैसे जास्त जातात, जाऊ देत.

२. बर्फ सुरू झाला की

पाय हलका ठेवा. गाडी दुसऱ्या गियरमध्ये उचला, उतारावर खालच्या गियरमध्येच राहा, पुढच्या गाडीपासून भरपूर अंतर सोडा. ब्रेक, स्टिअरिंग, ॲक्सिलरेटर, काहीही झटक्यात नको.

सगळ्यात फसवा म्हणजे रस्त्यावरचा पारदर्शक बर्फ. तो दिसत नाही. डांबर नुसतं ओलं वाटतं. ओळखायचा कसा? पुढच्या गाडीच्या चाकांतून उडणारे पाण्याचे तुषार एकाएकी थांबतात, टायरचा आवाज बंद होतो आणि स्टिअरिंग हातात हलकं लागतं. असं झालं की ब्रेक मारू नका, ॲक्सिलरेटर सोडा आणि चाकं सरळ धरा. मागची बाजू घसरू लागली तर ती ज्या बाजूला जातेय त्याच बाजूला स्टिअरिंग अलगद वळवा. पूल आणि ऊन न पोचणारी वळणं आधी गोठतात.

३. वेळेत मागे फिरा

डिसेंबरात मनालीत सूर्य साडेपाचच्या आत मावळतो आणि डोंगराआड त्याहून लवकर जातो. दिवसा वितळलेलं पाणी मग पुन्हा गोठतं. दुपारी दोन-तीनला परतीला लागा. समोरून येणारे चालक परत जायची खूण करत असतील तर तेवढं कारण पुरे.

४. अडकलात तर

गाडीतच थांबा. पायी निघू नका. उडत्या बर्फात दहा पावलांवरची गाडीही दिसेनाशी होते. ११२ ला फोन करा, इंडिकेटर चालू ठेवा. थंडीत फोनची बॅटरी लवकर उतरते, म्हणून फोन कपड्यांच्या आतल्या खिशात ठेवा.

आता सर्वांत महत्त्वाचं. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातल्या मरी इथे बर्फात अडकलेल्या गाड्यांत वीसहून अधिक पर्यटक दगावले. त्यांतल्या अनेकांचा जीव कार्बन मोनॉक्साइडने गेल्याचं सांगितलं गेलं. बर्फ सायलेन्सरच्या नळीभोवती साचतो, धूर मागे वळून गाडीत शिरतो, आणि या वायूला ना वास ना रंग. म्हणून इंजिन चालू करण्याआधी दर वेळी खाली उतरा आणि हातांनी नळीभोवतीचा बर्फ काढा. एक हात गाडीवरच राहू द्या. मग इंजिन तासाला दहाच मिनिटं चालवा आणि वारा नसलेल्या बाजूची काच बोटभर उघडी ठेवा. गारठा आत येईल, येऊ दे.

डोकं दुखणं, मळमळ, चक्कर, गुंगी ही या विषबाधेची लक्षणं आहेत. समुद्रकाठून दोन दिवसांत तीन हजार मीटरवर पोचलेल्या माणसाला ती विरळ हवेचीच वाटतात, आणि पेंगणारं मूल दमलंय असं आईबाप समजतात. शंका आली की इंजिन बंद करा, दारं उघडा, सगळ्यांना मोकळ्या हवेत आणा. बरं वाटलं तरी नंतर डॉक्टरांना दाखवा.

ऊब यावी म्हणून फेणीचा घोट घेऊ नका. दारूने कातडीखालच्या रक्तवाहिन्या फुगतात, अंग गरम वाटतं, पण आतली उष्णता झपाट्याने बाहेर जाते. सगळ्यांनी एकत्र, चिकटून बसा. रात्री एकाने तरी जागं राहायचं, पाळीपाळीने.

आणि कृपा करून पुढे घुसून दुसरी रांग लावू नका. बर्फ काढणाऱ्या यंत्राला आणि ॲम्ब्युलन्सला यायला तेवढीच वाट असते.

५. वाट मोकळी झाल्यावर

रात्रभर हँडब्रेक ओढून ठेवला असेल तर तो गोठून अडकलेला असू शकतो. त्यामुळे गाडी लावतानाच गियरमध्ये ठेवा, चाकाला दगड द्या आणि वायपर काचेपासून उचलून ठेवा. काचेवर गरम पाणी ओतू नका, ती तडकते. निघाल्यावर पहिल्या काही मीटरांत, अगदी चालण्याच्या वेगाने, ब्रेक लागतोय का ते पाहा. बर्फ काढणाऱ्या यंत्राला ओव्हरटेक करू नका. त्याच्या मागचा रस्ताच तेवढा साफ असतो.