ग्रंथालयात आणि अभिलेखागारात पारलिंगी इतिहास कसा जपावा

सॅन फ्रान्सिस्कोच्या टेंडरलॉइन भागातील कॉम्प्टन्स कॅफेटेरियात ऑगस्ट १९६६ मध्ये पोलिसांच्या रोजच्या छळाला विटलेल्या ट्रान्स, म्हणजे पारलिंगी, स्त्रियांनी उठाव केला. पुढची कित्येक वर्षे हा प्रसंग जवळजवळ कोणाच्याच स्मरणात नव्हता. इतिहासकार सुझन स्ट्रायकर यांना त्याचा माग लागला तो तिथल्याच जीएलबीटी हिस्टॉरिकल सोसायटी या समलिंगी, द्विलैंगिक आणि पारलिंगी लोकांचा इतिहास जपणाऱ्या संस्थेच्या संग्रहात, १९७२ सालच्या प्राइड मिरवणुकीच्या एका कार्यक्रमपत्रिकेत. कार्यक्रमपत्रिका ही मिरवणूक संपली की रस्त्यावर पडून राहणारी वस्तू. कोणीतरी ती उचलून घरी ठेवली, कोणीतरी ती संग्रहात दाखल करून घेतली, म्हणून तो उठाव इतिहासात परतला.

याच्या शेजारी दुसरा कागद ठेवून पाहावा. ब्रिटिश भारतातील १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या दुसऱ्या भागाने हिजडा समाजातील संशयित ठरवलेल्या व्यक्तींची नावे आणि राहण्याची ठिकाणे यांची नोंदवही ठेवण्याची तरतूद केली. एकदा त्या वहीत नाव चढले की सार्वजनिक जागी स्त्रीवेश करणे हा गुन्हा ठरे आणि मृत्युपत्र करण्याचा किंवा दत्तक घेण्याचा हक्कही जाई. म्हणजे नोंद राहिली नाही तर माणसे इतिहासातून पुसली जातात आणि नोंद भलत्या हाती पडली तर ती माणसांवरच उलटते. पारलिंगी इतिहास जपणाऱ्या ग्रंथपालाला आणि अभिलेखपालाला या दोन्ही गोष्टी एकाच वेळी ध्यानात ठेवाव्या लागतात. पुढील सूचना त्याच दृष्टीने लिहिल्या आहेत.

आधी घरचा संग्रह पाहावा

नवीन साहित्य मिळवण्याच्या मागे लागण्यापूर्वी आपल्याच कपाटांत काय आहे ते तपासणे शहाणपणाचे ठरते. पारलिंगी व्यक्तींचे उल्लेख बहुधा पोलिसी कागद, न्यायालयीन निवाडे, रुग्णालयांच्या नोंदी, वृत्तपत्रांची कात्रणे आणि नाटक-तमाशांच्या जाहिराती यांत विखुरलेले असतात, आणि ते लिहिणारे सहसा त्या व्यक्तींच्या बाजूचे नसतात. शोध घेताना आजचे शब्द फारसे कामी येत नाहीत. ‘ट्रान्सजेंडर’ हा शब्द आजच्या व्यापक अर्थाने १९९० च्या दशकात रूढ झाला. जर्मन डॉक्टर आणि लैंगिकशास्त्रज्ञ माग्नुस हिर्शफेल्ड यांनी ‘ट्रान्सव्हेस्टाइट’ ही संज्ञा १९१० मध्ये वापरात आणली. त्यापूर्वीच्या कागदांत ‘वेषांतर’, ‘तोतयेगिरी’, ‘पुरुषवेशातील स्त्री’ किंवा सरळ शिवीच आढळते. असे सर्व जुने शब्द, त्यांच्या चुकीच्या स्पेलिंगांसह, एका कामचलाऊ यादीत उतरवून ती शोध घेणाऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्याच्या हाताशी ठेवावी. ही यादी कार्यालयीन वापरापुरतीच असावी, तालिकेत (कॅटलॉगमध्ये) चढवण्यासाठी नव्हे.

सापडलेल्या प्रत्येक व्यक्तीवर आजची ओळख चिकटवण्याचा मोह मात्र टाळावा. पुरुषवेशात आयुष्य काढलेल्या एखाद्या सैनिकाने स्वतःला काय मानले हे कागद सांगत नसेल, तर संग्रहसूचीत ‘लिंगओळखीच्या इतिहासाच्या दृष्टीने उपयुक्त’ एवढे लिहिणे पुरेसे असते. त्यामुळे संशोधकाला वाट सापडते आणि निर्णय त्याच्याकडेच राहतो. अभ्यासक के. जे. रॉसन यांच्या पुढाकाराने २०१६ मध्ये सुरू झालेल्या डिजिटल ट्रान्सजेंडर आर्काइव्हनेही ओळखीपेक्षा रूढ लिंगमर्यादा ओलांडणाऱ्या आचरणावर भर देऊन निवड केली आहे, आणि निरनिराळ्या संस्थांमध्ये विखुरलेले साहित्य एका ठिकाणी शोधता येईल अशी सोय केली आहे. लहान ग्रंथालयाला स्वतंत्र संकेतस्थळ उभारणे झेपत नसेल तर अशा सामाईक सूचीत आपल्या नोंदी देणे हा मला अधिक व्यवहार्य मार्ग वाटतो.

देणगी स्वीकारताना

पारलिंगी पुरुष आणि कार्यकर्ते लू सुलिवन यांनी लहानपणापासून लिहिलेल्या रोजनिश्या आज जीएलबीटी हिस्टॉरिकल सोसायटीत आहेत. ते स्वतः त्या संस्थेच्या संस्थापक सदस्यांपैकी होते. आपले कागद आपल्याच माणसांनी उभारलेल्या संस्थेकडे सोपवण्याचे भाग्य थोड्यांनाच लाभते. बहुतेकांच्या बाबतीत मृत्यूनंतर नातेवाईक घर आवरतात, आणि ज्या गोष्टींची त्यांना लाज वाटते त्या सर्वांत आधी नाहीशा होतात. म्हणून हयात व्यक्तींशी आणि त्यांच्या मित्रमंडळींशी वेळेवर बोलावे, आणि घाई न करता बोलावे. पहिल्याच भेटीत देणगीपत्र पुढे करणारा ग्रंथपाल सहसा रिकाम्या हाताने परततो.

देणगीपत्रात चार गोष्टी स्पष्ट असाव्यात: साहित्याची मालकी कोणाकडे जाते, प्रताधिकार कोणाकडे राहतो, कोणता भाग किती वर्षे बंद ठेवायचा, आणि दात्याचे मन बदलले तर काय करायचे. शेवटचा मुद्दा अनेक संस्थांना नकोसा वाटतो, कारण एकदा आलेले साहित्य परत जाऊ नये अशी त्यांची स्वाभाविक इच्छा असते. तरीही पारलिंगी व्यक्तींच्या कागदांबाबत तो असावाच असे माझे मत आहे. कायदे बदलतात, सरकारे बदलतात, दात्याची नोकरी आणि राहण्याचे ठिकाण बदलते; जे काल उघड सांगणे सुरक्षित होते ते उद्या राहीलच असे नाही. निदान ऑनलाइन प्रत काढून घेण्याचा हक्क तरी दात्याकडे असावा.

हिर्शफेल्ड यांनी १९१९ मध्ये बर्लिनमध्ये सुरू केलेली लैंगिक शास्त्र संस्था ६ मे १९३३ रोजी लुटली गेली आणि तिच्या ग्रंथालयातील पुस्तके चारच दिवसांनी भर चौकात जाळण्यात आली. संग्रह एकाच इमारतीत आणि एकाच प्रतीत असला की काय होते, याचे याहून ठसठशीत उदाहरण शोधावे लागत नाही. त्यामुळे महत्त्वाच्या साहित्याची प्रत दुसऱ्या शहरातील, शक्य तर दुसऱ्या देशातील विश्वासू संस्थेकडे ठेवण्याची परवानगी देणगीपत्रातच मागून घ्यावी.

एक छायाचित्र हाताळताना

समजा, देणगीत आलेल्या बिस्किटांच्या डब्यात पोस्टकार्डाएवढे एक कृष्णधवल छायाचित्र आहे. ते उलटे केले की मागे निळ्या शाईत एक नाव दिसते, ते एका आडव्या रेघेने खोडलेले आहे, आणि खाली वेगळ्या हस्ताक्षरात दुसरे नाव आहे. छायाचित्र कडांना धरून, स्वच्छ नायट्रिल हातमोजे घालून उचलावे. त्याला लागलेली स्टेपलरची गंजकी पिन हाताने ओढून काढू नये. पातळ पट्टी खाली सरकवून पिनेचे पाय आधी सरळ करावेत. नंतर ते आम्लरहित पाकिटात किंवा पॉलिएस्टरच्या पारदर्शक आवरणात ठेवावे. पीव्हीसीचे आवरण कधीही वापरू नये, कारण त्यातून निघणारी द्रव्ये छायाचित्राला खातात. क्रमांक पाकिटावर पेन्सिलीने, तोही छायाचित्र आत घालण्यापूर्वी लिहावा. दोन्ही बाजूंचे स्कॅन करावे आणि मूळ प्रत टिफ स्वरूपात ठेवावी. कागदासाठी खोलीचे तापमान साधारण १८ ते २० अंश सेल्सिअस आणि सापेक्ष आर्द्रता ३५ ते ५० टक्के असेल तर उत्तम. एवढे जमत नसेल तर निदान दोन्हींत चढउतार कमी राहतील एवढे पाहावे.

हा झाला सोपा भाग. अवघड भाग नोंद लिहिताना येतो. त्या व्यक्तीने स्वतःसाठी निवडलेले नाव हेच तालिकेतील मुख्य नाव असावे, हा नियम ठेवावा. कुटुंबीय दाते जुन्या नावाचा आग्रह धरतात तेव्हाही व्यक्तीची स्वतःची पत्रे, सह्या आणि रोजनिशी यांना अधिक वजन द्यावे. जुन्या नावाने काही प्रकाशित झाले असेल आणि ती जोडणी आधीपासूनच सर्वज्ञात असेल, तर जुन्या नावाखाली ‘पाहा’ नोंद देऊन वाचकाला नव्या नावाकडे पाठवावे. जोडणी सर्वज्ञात नसेल तर ती आपण पहिल्यांदा उघड करू नये. वरील छायाचित्राच्या सार्वजनिक वर्णनात ‘मागील बाजूस हस्तलिखित मजकूर, त्यातील एक नाव खोडलेले’ एवढेच यावे. खोडलेले नाव बंद टिपेत नोंदवावे आणि मागच्या बाजूचे स्कॅनही बंद ठेवावे. मूळ छायाचित्रावरील अक्षर मात्र कोणत्याही कारणाने पुसू नये. ती रेघ हाच पुरावा आहे.

मराठीत वर्णन लिहिणाऱ्याला आणखी एक पेच पडतो. आपल्या भाषेत क्रियापदही लिंग बोलून दाखवते, त्यामुळे ‘आला’ किंवा ‘आली’ यांतले एक निवडताच आपण निवाडा दिलेला असतो. आदरार्थी ‘ते’ आणि ‘त्या’ यांनीही सुटका होत नाही. व्यक्तीने स्वतःसाठी वापरलेले रूप ठाऊक असेल तर तेच वापरावे. ठाऊक नसेल तर ‘यांनी ही पत्रे लिहिली’, ‘यांनी १९५२ मध्ये शहर सोडले’ अशी रचना करावी. तिथे क्रियापद कर्माच्या मागे जाते आणि कर्त्याचे लिंग न सांगता वाक्य नैसर्गिक राहते. व्यक्तीच्या नामनोंदीत लिंगाचा रकाना भरण्याची गरजही सहसा नसते; सहकारी तालिकीकरण कार्यक्रम (पीसीसी) या ग्रंथालयांच्या सामाईक उपक्रमाच्या २०२२ च्या सुधारित अहवालानेही तो भरू नये अशीच शिफारस केली आहे.

विषयशीर्षके आणि वर्गांक

पुस्तकांना विषयानुसार क्रमांक देणाऱ्या ड्यूई दशांश वर्गीकरणात ३०६.७६८ ही सामाजिक शास्त्रांतली जागा उपलब्ध असतानाही जुन्या संग्रहांत पारलिंगी व्यक्तींची आत्मचरित्रे ६१६.८५ च्या परिसरात, म्हणजे मानसिक विकारांच्या फडताळात बसलेली आढळतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये स्वीकारलेल्या आयसीडी-११ या रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात हा विषय मानसिक विकारांच्या प्रकरणातून बाहेर काढला आहे, तेव्हा ग्रंथालयाने तो तिथेच ठेवण्याला आता वैद्यकीय आधारही उरलेला नाही. अशी पुस्तके शोधून त्यांचे वर्गांक बदलणे हे एका सुट्टीच्या आठवड्यात उरकण्यासारखे काम आहे. विषयशीर्षकांसाठी होमोसॉरस ही समलिंगी, पारलिंगी आदी विषयांची शब्दसूची उपयोगी पडते. तिची सुरुवात १९९७ मध्ये ॲमस्टरडॅमच्या आयएचएलआयए या संस्थेत झाली, आणि सर्वसाधारण शीर्षकयाद्यांच्या जोडीने ती वापरता येते. मराठी शीर्षक ठरवताना ‘पारलिंगी’, ‘तृतीयपंथी’, ‘हिजडा’ हे शब्द समानार्थी मानू नयेत. हिजडा ही गुरुशिष्य परंपरा असलेली एक विशिष्ट सामाजिक ओळख आहे, आणि प्रत्येक पारलिंगी व्यक्ती तिच्यात मोडत नाही.

जुने अपमानकारक वर्णन बदलताना मूळ मजकूर नष्ट करू नये. नवे वर्णन वर ठेवावे, जुने तारखेसह मागे जतन करावे आणि बदल कोणी, का केला ते एका ओळीत सांगावे. आपल्या संस्थेने या माणसांना पूर्वी कोणत्या शब्दांत ओळखले, हासुद्धा इतिहासच आहे.

ध्वनिफिती आणि संकेतस्थळे

चुंबकीय फितींबाबत विलंब परवडत नाही. फीत खराब होते त्याच्या आधी तिचे यंत्र बाजारातून नाहीसे होते, आणि याविषयी युनेस्कोच्या एका कार्यक्रमाने २०१९ मध्ये जगभर इशारा दिला होता. मुलाखतींच्या कॅसेट आधी, बाकीचे नंतर, असा क्रम ठेवावा. ध्वनी वेव्ह स्वरूपात, ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिट या दर्जाने साठवावा. इंटरनेटवरील साहित्याची अवस्था याहून नाजूक आहे. जिओसिटीज २००९ मध्ये बंद पडले आणि याहू ग्रुप्सवरील मजकूर २०१९ च्या अखेरीस हटवला जाऊ लागला, तेव्हा पारलिंगी लोकांनी एकमेकांसाठी लिहिलेली कितीतरी पाने कायमची गेली. सार्वजनिक पाने वार्क (WARC) या संकेतस्थळे जतन करण्याच्या फाइल-स्वरूपात वेळीच टिपून ठेवावीत. बंद गटांतील संवाद मात्र सहभागी व्यक्तींच्या संमतीशिवाय घेऊ नयेत, मग ते तांत्रिकदृष्ट्या कितीही सोपे असो.

कोणाला काय दाखवावे

सामूहिक छायाचित्रे आणि सदस्यांच्या याद्या यांबाबत दात्याची संमती अपुरी पडते, कारण त्यांतील इतरांनी ती दिलेली नसते. अशा वस्तू वाचनकक्षात दाखवाव्यात, ऑनलाइन टाकू नयेत, आणि कोणी हरकत घेतली तर आधी प्रत उतरवून मग चौकशी करावी. वाचनकक्षाच्या प्रवेशअर्जातील लिंगाचा रकाना काढून टाकावा. तिथे त्याचा काहीही उपयोग नसतो.

बंद ठेवलेल्या प्रत्येक पाकिटावर ते का बंद आहे, कोणाच्या सांगण्यावरून आणि पुन्हा केव्हा तपासायचे, हे लिहावे. ‘कायम बंद’ असे शब्द वापरू नयेत. एखादी निश्चित तारीख घालावी. तीच तारीख दाखल नोंदवहीतही उतरवावी, कारण पाकीट कपाटात मागे सरकत जाते आणि वही रोज कोणाच्या तरी हाताखाली येते.