सोलर लावायच्या आधी डिसेंबरची सावली मोजा

ठाण्यात बऱ्याच सोसायट्या पॅनलची जागा मे महिन्यात ठरवतात, तेव्हा दुपारी सूर्य थेट डोक्यावर, टाकीची सावली जवळपास नाहीच, आणि मग डिसेंबरात तीच सावली बरोब्बर पॅनलवर येते.

1. टेपने टाकी, लिफ्टरूम, कठडा पॅनलच्या लेव्हलपासून किती उंच आहेत ते मोजा.
2. डिसेंबरातल्या दुपारच्या सावलीसाठी त्यांच्या उत्तरेला उंचीएवढंच अंतर सोडा, 2 मीटरला 2 मीटर. साडेनऊ आणि साडेतीनला सावली तिरकी आणि जवळजवळ दुप्पट पडते, वायव्येला आणि ईशान्येला, तीही खडूने गच्चीवर आखा.

फिनलंडमधल्या हेलसिंकीत डिसेंबरात भर दुपारी सूर्य जेमतेम 6 अंश वर असतो, तिथे 2 मीटरच्या टाकीची सावली 18 मीटरच्या आसपास जाते, त्यामानाने आपल्याला खूप सोपं आहे.

फक्त एका पॅनलच्या कोपऱ्यावरची सावलीपण चालवून घेऊ नका, सिरीजमधल्या, म्हणजे एकामागोमाग एक जोडलेल्या, बाकीच्या पॅनलची वीजही त्याने कमी होऊ शकते.